स्प्रिंग मारली की पाणी जातं, 15 दिवसांनी परत तुंबतं, आता काय करू?

प्रश्न: दादा, खाली आमचा छोटा कॅफे आहे आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. कॅफेच्या किचनमधलं सिंक दर दोन-तीन आठवड्यांनी तुंबतं, माणूस येतो, स्प्रिंग (पाइपात घालायची लांब लवचिक तार) मारतो, पाणी जातं, पैसे घेतो आणि परत तेच. उकळतं पाणी झालं, खायचा सोडा आणि व्हिनेगर झालं, मग पावडर टाकली, काल वैतागून त्यावर ऍसिडची बाटली ओतली तरी पाणी हललं नाही. वर घरात बाथरूमचं पाणी पण हळू जातं आणि वास येतो. अजून एक, वर वॉशिंग मशीन पाणी सोडतं तेव्हा खाली किचनच्या जाळीतून साबणाचं पाणी वर येतं. भाऊजी म्हणतात फरशी फोडून अख्खी लाइन नवीन टाकू. त्याआधी अजून स्ट्राँग ऍसिड कुठलं वापरू ते सांगा. (सिंकखाली स्टीलची एक पेटी आहे, जागा घेतली तेव्हापासून आहे, त्यावर आम्ही क्रेट ठेवतो. तिचा याच्याशी काही संबंध असेल का?)

उत्तर: ताई, तुम्ही कंसात टाकलेला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्या पेटीकडे येतोच, पण आधी ऍसिडचं बोलू कारण ते आजच्या आज थांबायला हवं.

अजून स्ट्राँग ऍसिड सांगणार नाही. पावडर म्हणजे बहुतेक कॉस्टिक सोडा असतो, त्यावर तुम्ही ऍसिड ओतलंत, ही दोन एकत्र आली की एकदम जोरात तापतात आणि पाणी उसळून तोंडावर उडू शकतं. त्यात आधी कुणी ब्लीच ओतलेलं असेल किंवा पावडरमध्येच असेल तर ऍसिडबरोबर क्लोरीन निघतो आणि बंद किचनमध्ये तो छातीत गेला तर थेट हॉस्पिटल. काही झालं नाही हे नशीब समजा. आता खिडक्या उघड्या ठेवा, एक्झॉस्ट चालू ठेवा, त्या सिंकमध्ये अजून काहीही ओतू नका, साधं ब्लीचसुद्धा नाही, आणि तुंबलेल्या पाण्यात हात घालू नका, प्लंजर पण मारू नका कारण प्लंजर मारला की तेच पाणी डोळ्यात उडतं. डोळ्यात किंवा अंगावर गेलंच तर वाहत्या पाण्याखाली 15-20 मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि मग डॉक्टर. आणि जो कोणी काम करायला येईल त्याला दारातच सांगा की आत पावडर आणि ऍसिड दोन्ही आहे. बरेच लोक ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत, तो बिचारा सिंकखालचा ट्रॅप (पाणी अडून राहतं तो वाकडा भाग) खोलतो आणि सगळं त्याच्या हातावर.

आता इतकं ओतून फरक का पडला नाही? किचनची लाइन तुंबते ती चरबीने, म्हणजे तेल, लोणी, दुधाची साय, त्यात कॉफीचा गाळ आणि पीठ अडकतं. दुकानात मिळणारं जे नेहमीचं हायड्रोक्लोरिक ऍसिड असतं ते क्षार काढतं, चरबीला ते काहीच करत नाही, उलट सिंकचं स्टील आणि जाळीचं क्रोम खातं. कॉस्टिक चरबीचा साबण करतं हे खरं, पण वरच्या वर, तो साबण पुढे गार पाण्यात परत घट्ट होतो, आणि पावडर एकदम जास्त पडली आणि पाणी कमी असलं तर ती ट्रॅपमध्येच दगडासारखी जमते, मग तो ट्रॅप कापूनच काढावा लागतो. आणि मुळात तुम्ही ओतलेलं ऍसिड चोकअपपर्यंत पोचलंय कशावरून? पाणी उभं आहे, चोकअप कित्येक फूट पुढे आहे, ऍसिड इथेच सिंकखाली बसून राहतं.

सोडा आणि व्हिनेगर तर सोडूनच द्या. फेस बघायला बरा वाटतो, पण एक आम्ल एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात, गॅस वरच्या उघड्या तोंडातून निघून जातो आणि मागे खारट पाणी उरतं. उकळत्या पाण्याने नुकसानच जास्त. चरबी वितळते, तुम्हाला वाटतं गेली, ती चार-पाच मीटर पुढे जाऊन जिथे पाइप गार आहे तिथे परत जमते आणि आता ती अशा ठिकाणी असते जिथे त्या माणसाची छोटी स्प्रिंग पोचतच नाही. शिवाय पीव्हीसीचा पाइप 80 अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतो, जॉइंट सैल होतात. नळाला येतं तेवढं गरम पाणी ठीक, किटलीतलं नको. कमोडमध्ये तर अजिबातच नको, सिरॅमिक तडकतं.

आता तुमच्या पत्रातली वॉशिंग मशीनची गोष्ट. ती तुम्ही जाता जाता लिहिलीत पण त्यातच अर्ध निदान आहे. वरचं पाणी खालच्या जाळीतून वर येतंय याचा अर्थ वरची लाइन आणि किचनची लाइन जिथे एकत्र होते त्याच्या पुढे कुठेतरी अडलंय. मशीन बादल्याच्या बादल्या पाणी पंपाने एकदम ढकलतं, पुढे जायला वाट नाही, मग ते सगळ्यात खालचं तोंड शोधतं आणि ती म्हणजे तुमची किचनची जाळी. म्हणजे चोकअप सिंकचा नाहीच, तुमच्या मेन लाइनचा आहे, आणि सिंकमधून कितीही काहीही ओतलंत तरी ते तिथपर्यंत धड जाणार नाही. हे लक्षात आल्यावर पहिलं काम, लाइन मोकळी होईपर्यंत मशीन लावू नका, आणि वरच्या सगळ्यांना सांगा की पाणी जपून, नाहीतर तुमच्या किचनमध्ये उद्या नुसतं साबणाचं पाणी येणार नाही, टॉयलेटची लाइनही तीच असेल तर काय येईल ते सांगायला नको. तसं काही आलंच तर किचन बंद ठेवायचं, सगळं धुऊन निर्जंतुक करेपर्यंत. धंद्याचं नुकसान होतं मान्य आहे.

मग बाहेरचं चेंबर बघा, म्हणजे गटाराच्या लाइनवरचा झाकण असलेला खड्डा. झाकण उघडून नुसतं वरून बघायचं. चेंबर भरलेलं असेल तर चोकअप त्याच्या पुढे, चेंबर कोरडं आणि आत घरात तुंबलेलं असेल तर चोकअप घर आणि चेंबरच्या मधे. दोन-तीन चेंबर असतील तर एकेक उघडत जा, जिथे एक भरलेलं आणि पुढचं रिकामं दिसेल त्या दोघांच्या मधे तुमचा शत्रू बसलाय. इतकं साधं आहे, आणि इतकं न बघताच लोक स्प्रिंग घालायला लागतात. पण वरून बघायचं म्हणजे वरूनच, खोल चेंबरमध्ये कुणालाही उतरवायचं नाही, कामगार स्वतः "मी उतरतो" म्हणाला तरी नाही. गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याचा वास येतो तोच, आणि याचा दगा असा की थोडा असला तर वास येतो, प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं, वास बंद होतो आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली. त्यात माणसं गेलीत, आणि त्यांना काढायला उतरलेलेही गेलेत. यावर मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही, उतरायचं नाही म्हणजे नाही.

स्प्रिंगवाल्याला शिव्या देऊ नका, त्याने जे केलं त्याने पाणी गेलं, खोटं काम नाही केलं. पण चरबीत स्प्रिंग मारणं म्हणजे लोण्याच्या गोळ्यात काडी घालण्यासारखं आहे, काडीएवढं भोक पडतं, त्यातून पाणी जातं, बाकीचा गोळा तसाच पाइपला चिकटलेला, आणि दोन आठवड्यांत भोक परत बुजतं. स्प्रिंग केस, कापड, कागद, चमचा असल्या गोष्टींना उत्तम, जे अडकवून ओढता येतं किंवा फोडता येतं. चरबीला लागतं जेटिंग. जेटिंगमध्ये होजच्या टोकाला नोझल असतं, त्याची भोकं मागच्या बाजूला असतात, जोरात मागे फेकलेल्या पाण्याने होज स्वतःच पुढे सरकतो आणि पाइपच्या भिंती खरवडत सगळा गाळ मागे चेंबरकडे आणतो. म्हणून ते काम खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने करायचं असतं, सिंकमधून होज घालतो म्हणणारा आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पाइप जुने मातीचे किंवा कुठे तडकलेले आहेत असं माहीत असेल तर आधी सांगा, म्हणजे तो प्रेशर कमी ठेवेल. कंप्रेसरने हवा मारतो म्हणणारेही भेटतील, नको, हवा दाबली जाते आणि मग एकदम सुटते, जॉइंट निखळतात, त्यात तुमच्या पाइपात केमिकल.

आणि जेटिंग झाल्यावर त्याच दिवशी कॅमेरा घालून घ्या. आधी नाही, चरबीत कॅमेऱ्याला काहीही दिसत नाही, साफ झाल्यावर. इथेच भाऊजींच्या फरशीचा निकाल लागतो. कॅमेऱ्यात पाइप सरळ, उतार बरोबर, जॉइंट धड दिसले तर फरशीला हात लावायचं कारणच नाही, नवीन पाइप टाकलात तरी सहा महिन्यांत तोही असाच भरणार. पण एखाद्या ठिकाणी पाइप बसलेला दिसला, म्हणजे मधेच खाली वाकून तिथे पाणी साचून राहतंय, किंवा झाडाची मुळं जॉइंटमधून आत शिरलीत, किंवा पाइपाची कड आत आलीय, तर तेवढं फोडावंच लागेल. अख्खी लाइन नाही, तेवढंच. चांगल्या कॅमेऱ्याच्या डोक्यात ट्रान्समीटर असतो, वरून फरशीवर खडूने खूण करून देतात की इथे. उताराचं म्हणाल तर 100 मिमीच्या पाइपाला साधारण 40 ते 80 मध्ये 1 असा उतार ठेवतात, म्हणजे एका मीटरला 12 ते 25 मिमी. काही मिस्त्री जास्त उतार दिला की जास्त चांगलं समजतात आणि पाणी धावत निघून जातं आणि घट्ट माल मागे कोरडा पडून राहतो, हेही बघून घ्या.

आता ती स्टीलची पेटी. ताई, तो ग्रीस ट्रॅप आहे, आणि जागा घेतल्यापासून क्रेटखाली आहे म्हणजे एकदाही उघडला नाहीये! त्याचं काम फार साधं आहे, सिंकचं पाणी त्यात येऊन मंदावतं, चरबी हलकी म्हणून वर तरंगते, गाळ जड म्हणून तळाला बसतो, आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढे जातं. पण वरची चरबी आणि खालचा गाळ मिळून पेटीच्या खोलीच्या चौथ्या हिश्शापर्यंत आले की तो साफ करायचा असतो, नाहीतर पाण्याला मंदावायला जागाच उरत नाही आणि चरबी जशीच्या तशी पुढे लाइनमध्ये जाते. तुमची पेटी गच्च भरून कधीची नुसती एक पाइप झालीय. म्हणजे तुमच्याकडे उपाय पहिल्यापासून होता, फक्त त्यावर क्रेट होते.

झाकण उघडताना वास सहन होणार नाही, मास्क-ग्लोव्ह घाला, आणि काल ऍसिड ओतलंय म्हणून ही पहिली सफाई तरी सराव असलेल्या माणसाकडूनच करा. पुढच्या तुमच्या तुम्हाला जमतील. काढलेली चरबी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून कचऱ्यात किंवा नेणाऱ्याकडे, परत गटारात नाही (हसू नका, असं करणारे आहेत). सुरुवातीला दर आठवड्याला झाकण उघडून एक काठी घालून थर मोजा, तीन-चार वेळा मोजलंत की तुमच्या कॅफेला किती दिवसांनी चौथा हिस्सा भरतो ते कळेल, ती तारीख भिंतीवर लिहून टाका आणि एका माणसाच्या नावावर द्या, सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. डिशवॉशर असेल आणि त्याचं पाणी या छोट्या पेटीतून जात असेल तर ते वेगळं काढता येतं का विचारा, कारण त्याचं कडक गरम पाणी पेटीतली चरबी वितळवून पुढे पाठवतं. आणि "ट्रॅप साफ करायची गरजच नाही" म्हणून जे लिक्विड विकतात त्यातली बरीचशी चरबी फोडून पुढे ढकलतात, पेटी चकाचक दिसते आणि लाइन भरते. बॅक्टेरियावाली औषधं खरी असतात पण ती हळू काम करतात, रोज रात्री थोडी टाकायची, साफ झालेली लाइन साफ ठेवायला. तुंबलेल्याला उपयोग शून्य, आणि त्याच सिंकमध्ये ब्लीच ओतलंत तर बॅक्टेरिया मरणार.

बाकी किचनची शिस्त तुम्हाला माहीतच असेल, भांडं सिंकमध्ये जायच्या आधी कागदाने पुसायचं, तळणीचं तेल डब्यात, कॉफीचा गाळ कचऱ्यात, सिंकला बारीक जाळी. यातलं पुसणं सगळ्यात महत्त्वाचं आणि गर्दीच्या वेळी सगळ्यात आधी तेच सुटतं. चरबी पुढे जाऊन काय होते माहितीये का, पाण्यातल्या आणि काँक्रीटमधल्या कॅल्शियमबरोबर मिळून तिचा न विरघळणारा साबण होतो, पांढरट, दगडासारखा. लंडनच्या व्हाइटचॅपेलमध्ये 2017 मध्ये गटारात असा गोळा सापडला होता, 250 मीटर लांब आणि 130 टन, त्यात अर्थातच वेट वाइप्स पण होते. कॅफेच्या टॉयलेटमध्ये वाइप्स ठेवत असाल तर आजच काढा, पाकिटावर फ्लश करता येतात असं लिहिलेलं असलं तरी. खात्री करायची तर एका बरणीत पाणी घेऊन एकीकडे टॉयलेट पेपर एकीकडे वाइप टाका आणि हलवा, पेपरचा लगदा होतो, वाइप बहुतेक दुसऱ्या दिवशीपण वाइपच.

माणूस बोलवताना फोनवरच विचारा, जेटिंग मशीन आहे का, कॅमेरा आहे का, रेकॉर्डिंग देणार का, काम चेंबरमधून करणार ना. यावर "आधी येऊन बघतो, स्प्रिंगने होऊन जाईल" म्हणाला तर पुढचा नंबर लावा.

राहिलं वरचं बाथरूम. मेन लाइन मोकळी झाली की ते अर्ध सुधारेल, पण मला वाटतं तिथे वेगळाच प्रकार आहे, केस आणि साबणाचा थर. याला कुणाला बोलवू नका. जाळी काढा, प्लॅस्टिकची काटेरी पट्टी मिळते ती आत घालून फिरवून ओढा, जे बाहेर येईल ते बघून जेवण जाणार नाही, पण पाणी लगेच सुटेल. बेसिन असेल तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप हाताने फिरवून खोला, धुवा, वॉशर होता तसाच परत बसवा. त्यानंतरही अडत असेल तर प्लंजर, पण नीट. रबर बुडेल एवढं पाणी हवं, बेसिनचं वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरायचं, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो, आणि जोर खाली दाबताना नाही, वर ओढताना लावायचा. बेसिनचा प्लंजर सपाट असतो, कमोडचा खाली गळपट्टी असलेला, एकच दोन्हीकडे वापरू नका, कारण सांगत नाही.

वासाचं कारण जाळीखाली बघा. नहाणी ट्रॅपमध्ये एक वाटी असते, तिच्यामुळे ट्रॅपात पाणी अडून राहतं, साधारण 50 मिमी, आणि ते पाणीच गटाराचा वास वर येऊ देत नाही. पाणी हळू जातं म्हणून कुणीतरी ती वाटी काढून ठेवलेली असते, पाणी पळतं पण मग वासाला दार उघडं. तुमच्याकडे ती खिडकीत वगैरे पडलेली सापडेल, धुऊन परत बसवा. वाटी जागेवर असेल आणि ते बाथरूम फार वापरात नसेल तर ट्रॅप सुकला असेल, दोन तांबे पाणी ओता, बरेच दिवस बाहेर जाणार असाल तर वरून चमचाभर तेल, पाणी उडून जात नाही. (हो, तेलाला एवढ्या शिव्या घालून मीच सांगतोय, पण चमचाभरच.) आणि फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीत गुडगुड आवाज येत असेल तर गच्चीवरचा व्हेंट (हवेचा) पाइप बंद असू शकतो, पानं, पक्ष्याचं घरटं, काहीही असतं त्यात. त्यातून हवा आली नाही की खाली जाणारं पाणी ट्रॅपमधलं पाणी सोबत ओढून नेतं. लाइन मोकळी झाल्यावरही गुडगुड राहिली तर जेटिंगवाल्यालाच वर पाठवून त्या पाइपचं तोंड बघून घ्यायला सांगा, तो आलेलाच असेल.